फ्लॉरेन्सचा घुमट सेंट्रिंगशिवाय बांधला म्हणे! मग विटा खाली का पडल्या नाहीत?

भटकभवानी:

मंडळी, गेल्या महिन्यात यजमानांसोबत इटली झाली. फ्लॉरेन्सला सांता मारिया देल फिओरे या मोठ्या चर्चचा घुमट चढलो. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि शेवटी शेवटी वाट इतकी चिंचोळी की समोरून कुणी आलं तर पोट आत घेऊन भिंतीला चिकटायचं.

गाईडबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे ब्रुनेलेस्की नावाच्या, घुमट बांधणाऱ्या वास्तुकाराने सगळ्यांसमोर अंडं टेबलावर आपटून उभं करून दाखवलं आणि म्हणून त्याला हे काम मिळालं. दुसरी म्हणजे अख्खा घुमट खालून कसलाही आधार न देता बांधला. एवढं सांगून बाई आम्हाला चामड्याच्या दुकानात घेऊन गेल्या.

मला काही ते पटलं नाही. आमच्या सोसायटीत पार्किंगचा साधा स्लॅब टाकायचा होता, तर महिनाभर खाली बल्ल्यांचं जंगल उभं होतं. हा तर चाळीस मीटरचा घुमट. वर जाताना विटा जवळजवळ आडव्या झोपलेल्या असणार. त्या घसरून गवंड्याच्या पायावर कशा पडल्या नाहीत? शिवाय सगळीकडे वाचते की रेनेसाँची सुरुवात इथून झाली. मग घुमट असा टोकदार, त्याआधीच्या गॉथिक शैलीतल्या कमानीसारखा का? माझं शिक्षण कॉमर्सचं आहे, त्यामुळे जरा समजेल असं सांगा.

कोपऱ्यातला वाचक:

अंड्याची गोष्ट वसारीची, म्हणजे कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या इटालियन चित्रकाराची. त्याचा चरित्रग्रंथ १५५० चा आणि काम दिलं गेलं १४२० मध्ये, म्हणजे मधे एकशे तीस वर्षं गेली. त्याच वसारीने आणखी एक बहारदार किस्सा दिलाय. कुणीतरी सुचवलं की पोकळीत मातीचा डोंगर रचा, मातीत नाणी मिसळा, वर घुमट बांधा. नंतर गावातली पोरं नाण्यांसाठी माती फुकट उपसून नेतील. आपल्याकडे एखाद्या नगरसेवकाने ही योजना मंजूरही करून घेतली असती.

बाकी तांत्रिक भाग ओळंबाकाकांनी सांगावा. काका, आहात का?

ओळंबा:

आहे. चाळीस वर्षं सांगली-मिरजेत स्ट्रक्चरल कामं केली, त्यातली बरीच जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीची. त्यामुळे या विषयावर जरा जास्त बोलतो, सांभाळून घ्या.

भवानीताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. घुमटाचा आकार ब्रुनेलेस्कीने ठरवलेलाच नाही. चर्चचं काम १२९६ मध्ये आर्नोल्फो दि कांबिओने सुरू केलं, पुढे तालेंतीने ते वाढवलं, आणि १३६७ मध्ये नेरी दि फिओराव्हांती आणि त्याच्या सोबत्यांचा नमुना गावाने मंजूर केला. आठ बाजू, टोकदार उभार, आणि फ्रान्समधल्या चर्चना असतात तसे बाहेरून दगडी टेकू अजिबात नकोत, हे सगळं तेव्हाच ठरलं. ब्रुनेलेस्की जन्मला १३७७ मध्ये! म्हणजे आकार गॉथिक पिढीचा आणि बांधणी पुढच्या पिढीची. पुस्तकात कालखंडांच्या रेघा मारलेल्या असतात. इमारती त्या रेघांवरून आडव्या पसरून बसतात.

टोकदार आकाराला कारणही आहे. अर्धगोल घुमट पायथ्याशी बाहेर जास्त ढकलतो, टोकदार कमी. इथे वक्राची त्रिज्या व्यासाच्या चार पंचमांश धरली आहे. टेकू नकोत म्हटल्यावर ढकल कमी करणं भागच होतं.

आता सेंट्रिंग. घुमटाखालची अष्टकोनी भिंत बांधून झाली तेव्हा परिस्थिती अशी होती: जमिनीपासून पन्नास मीटरहून उंच भिंत आणि तिच्या मधोमध सुमारे ४२ मीटरचं भोक. एवढ्या रुंदीला पुरेल इतकं लाकूड आणायचं कुठून? समजा आणलं, तरी लाकडाचा तो सांगाडा आधी स्वतःच्याच वजनाने झुकणार. त्यात चुन्याचा दर्जा. आपला सिमेंटचा स्लॅब तीन-चार आठवड्यांत मोकळा करता येतो, पण चुना महिनोन् महिने धरत राहतो. तोवर खालचं लाकूड हललं की वरचं काम फाटलं. म्हणून १४१८ मध्ये गावाने स्पर्धा जाहीर केली आणि ब्रुनेलेस्की म्हणाला, सेंट्रिंग नकोच. लोकांनी त्याला वेड्यात काढलं म्हणतात. मी तिथे असतो तर मीही काढलं असतं.

जुनी गोल विहीर आठवा. बाहेरची माती दगडांना सगळीकडून आत ढकलत असते, तरी कडं शाबूत राहतं, कारण प्रत्येक दगड शेजारच्या दगडात अडकतो. आत यायला जागाच नसते. घुमटातला विटांचा प्रत्येक आडवा थर असाच वागतो. आत पडू बघतो, पण वर्तुळ पूर्ण झालेलं असेल तर आकसायला वाव नाही. मग तो थर पक्का, आणि पुढच्या थराला तोच आधार. अर्धवट कमान उभी राहत नाही, अर्धवट घुमट राहतो. हा फरक एकदा डोक्यात बसला की निम्मं गूढ संपतं.

उरलेल्या निम्म्यात दोन अडचणी आहेत, आणि ब्रुनेलेस्कीची खरी करामत तिथे आहे.

पहिली अडचण अशी की घुमट गोल नाही, अष्टकोनी आहे. सरळ बाजू कड्यासारखी वागत नाही, कोपऱ्यात तुटते. उपाय म्हणजे भिंत इतकी जाड ठेवायची की अष्टकोनाच्या पोटात एक अखंड वर्तुळ मावेल. घुमटाला दोन कवचं आहेत. तुम्ही चढलात ती वाट त्या दोघांच्या मधून जाते. आतलं कवच पायथ्याशी दोन मीटरहून जाड आहे आणि हे न दिसणारं वर्तुळ त्याच्यात दडलंय. शिवाय विटांचे थर सरळ सुतात नाहीत. प्रत्येक बाजूला मध्यभागी किंचित खाली झोळ देऊन कोपऱ्याकडे वर चढवलेत, म्हणजे कोपऱ्यात थर तुटत नाही, वळून पुढे जातो. दोरी ताणून सरळ रेष धरायची सवय असलेल्या गवंड्याकडून हे करून घेणं म्हणजे काय, ते मला विचारा! वाईच्या एका वाड्यात साधी कमानीची घडी बदलायला सांगितली तर मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

दुसरी अडचण तुम्ही अचूक पकडलीत. वर्तुळ पूर्ण होईपर्यंत काय? वरच्या भागात थरांचा उतार साठ अंशांपर्यंत जातो आणि ताजा चुना वीट धरून ठेवत नाही. म्हणून त्याने ठरावीक अंतरावर विटा उभ्या लावल्या. उभी वीट खालच्या पक्क्या थरात रुतलेली असते आणि वर डोकं काढून उभी राहते. दोन उभ्या विटांच्या मधे चार-पाच आडव्या विटा बसल्या की त्या घसरायच्या कुठे? थोडक्यात, त्या मोठ्या कड्याच्या जागी प्रत्येक गवंडी आपल्यासमोर एक छोटा बंद तुकडा तयार करत होता. पुढच्या थरात उभ्या विटा एकेक घर सरकत जातात आणि तिरक्या नागमोडी पट्ट्या दिसतात. त्याला ते माशाच्या काट्याची रचना म्हणतात. वर जाताना कवचांच्या मधल्या भागात काही ठिकाणी गिलावा नाही, तिथे ही रचना उघडी दिसते. तुमच्या गाईडबाईंनी ती दाखवली नसेल तर चामड्याच्या दुकानातले पैसे परत मागा.

१४२० च्या कामाच्या तपशिलात एक कलम आहे, ते मला फार आवडतं. ३० ब्राच्चा, म्हणजे साडेसतरा मीटरच्या आसपास उंचीपर्यंत असं बांधू, आणि तिथून पुढे कसं बांधायचं ते तेव्हाचे कारागीर ठरवतील, कारण बांधकामात पुढचं काय ते अनुभवच शिकवतो. कराराच्या कागदावर इतकं प्रामाणिक वाक्य मी माझ्या उभ्या कारकिर्दीत पाहिलं नाही. आज कुणी टेंडरमध्ये असं लिहिलं तर पहिल्याच फेरीत बाद.

१४२० च्या ऑगस्टमध्ये सुरुवात, १४३६ मध्ये घुमट मिटला. ४० लाखांहून जास्त विटा लागल्या असा अंदाज आहे. माल वर न्यायला बैलांचा रहाट होता आणि त्यात उलट-सुलट फिरणारी दात्यांची चक्रं होती. बैल एकाच दिशेने फिरत राहायचे, आणि मिस्त्री एक चक्र वर-खाली करून बादली चढवायची की उतरवायची ते ठरवायचा. जू सोडून बैल वळवायची भानगडच नाही. काम पन्नास मीटरहून उंचावर चालू असताना यात किती वेळ वाचला असेल!

खडू-फळा:

काकांनी माझ्या विषयाला हातच लावला नाही म्हणून लिहितो. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांना दृश्यचित्रातला लोपबिंदू (दूर जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र येताना दिसतात तो बिंदू) शिकवताना मी याच माणसाचं नाव घेतो. त्याने याच चर्चसमोरच्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचं चित्र एका फळीवर काढलं, फळीला मधे भोक पाडलं आणि लोकांना मागच्या बाजूने त्या भोकातून बघायला लावलं. समोर आरसा धरायचा, आरशात चित्र दिसायचं, आरसा काढला की तिथे खरी इमारत. दोन्ही जुळायचं! ती फळी आज नाही, वर्णन तेवढं राहिलं. पण १४२७ च्या सुमारास मासाच्चो या चित्रकाराने तिथल्याच सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये ट्रिनिटीचं भित्तिचित्र काढलं. त्यातली रंगवलेली कमानदार छत बघा, सपाट भिंतीत खोली खणल्यासारखी वाटते. घुमट तेव्हा अर्धाही झाला नव्हता.

त्याच गावात उफ्फिझी संग्रहालयाच्या सुरुवातीच्या दालनात चिमाबुए आणि जोत्तो या चित्रकारांच्या मोठ्या मॅडोना, म्हणजे मेरीमातेची चित्रं, एकाच खोलीत आहेत. चिमाबुएचे देवदूत एकावर एक रचून ठेवलेत, जोत्तोची मॅडोना मात्र खुर्चीत खरोखर बसली आहे, तिच्या गुडघ्यांना वजन आहे. दोघांत अंतर वीस-तीस वर्षांचंच. मला तर सगळ्या पाश्चात्त्य चित्रकलेची गोष्ट त्या खोलीत दिसते. घुमट चढून दमायची गरज नाही. 🙂

शंकासूर:

काका, लेख छान, पण एक शंका. रोमच्या पँथिऑनचा व्यास ४३ मीटर. तो इसवी सन १२५ च्या आसपास पूर्ण झाला. म्हणजे फ्लॉरेन्सच्या आधी तेराशे वर्षं रोमनांनी हे करून ठेवलं होतं आणि ब्रुनेलेस्की रोमला जाऊन अवशेष मोजून आला होता म्हणे. मग त्याने केलं काय नवीन? कॉपीच मारली ना?

ओळंबा:

शंकासूर, तुम्ही नावाला जागलात.

पँथिऑन ही वेगळी जात आहे. ते काँक्रीट आहे, ज्वालामुखीची राख घातलेल्या चुन्याचं, आणि ते लाकडी साच्यावर ओतलंय. आतले चौकोनी खण साच्याशिवाय होत नाहीत. पायथ्याला सहा मीटरहून जाड, वर छिद्रापाशी सव्वा मीटरच्या आसपास. जसजसं वर जावं तसतशी खडी हलकी, शेवटी तर पाण्यावर तरंगणारा प्यूमिस दगड. आणि माथ्यावर काहीच नाही, चक्क भोक. वजन कमी करायचा याहून सोपा मार्ग कोणता?

पण तिथेही तडे आहेत. घुमटाच्या खालच्या निम्म्या भागात उभे तडे, बरेच जुने. घुमटाचा वरचा भाग आकसू बघतो, ते कडं आपण पाहिलं. खालचा भाग मात्र फाकू बघतो. विटेला किंवा काँक्रीटला दाबलेलं चालतं, ताणलेलं चालत नाही. मग तडा जातो. पँथिऑन पडलं नाही, कारण खाली सहा मीटर जाडीची गोल भिंत आहे आणि ती त्याला फाकू देत नाही. रोमनांनी ढकल अंगबळाने थोपवली.

फ्लॉरेन्समध्ये तसं अंगबळ नव्हतं. तिथली अष्टकोनी भिंत खांबांवर आणि कमानींवर उंच अधांतरी उभी आहे. ही ढकल कुणी आणि कशी थोपवली, एवढ्या एका प्रश्नावर युरोपातले सगळे मोठे घुमट लावता येतात, असं माझं मत. शैलीबिली नंतर.

इस्तंबूलला आयासोफियात, ५३२ ते ५३७ मध्ये, अर्धघुमट लावून दोन बाजूंनी टेकू दिला. उरलेल्या दोन बाजू कच्च्या राहिल्या आणि ५५८ मध्ये भूकंपानंतर घुमट खाली आला. दुसऱ्यांदा बांधताना सहा मीटरच्या आसपास उंच केला. का? उंच म्हणजे ढकल कमी. फ्लॉरेन्सच्या टोकदारपणामागचंच कारण.

ब्रुनेलेस्कीने साखळ्या घातल्या. वालुकाश्माच्या लांब तुळया लोखंडी पट्ट्यांनी जोडून भिंतीच्या आतून घुमटाभोवती फिरवल्या, आणि एक चेस्टनटच्या लाकडाची. पिंपाच्या कड्यांसारखं काम. हे रोमनांचं नाही, आणि विटांची ती काट्यांची रचनाही पँथिऑनमध्ये नाही. त्याने रोममध्ये काय मोजलं असेल ते असो, पण उत्तर त्याचं स्वतःचं आहे.

मग रोमचं सेंट पीटर्स चर्च. मायकेलअँजेलोचं संकल्पन, तो गेल्यावर देला पोर्ताने १५९० मध्ये घुमट पुरा केला. आणि दीडशे वर्षांत तडे इतके वाढले की पोप बेनेडिक्ट चौदावा घाबरला. इथून पुढचं मला सगळ्यात आवडतं. १७४२ मध्ये तीन गणितज्ञांना बोलावलं, ले स्युर, जाकिए आणि बोस्कोविच. त्यांनी गणित मांडून सांगितलं की आहेत त्या कड्या अपुऱ्या आहेत, अजून घाला. रोममधले लोक खवळले! मायकेलअँजेलोला गणित येत नव्हतं, तरी त्याने घुमट उभा केला, मग गणितज्ञांशिवाय तो दुरुस्तही होईल, असा सूर निघाला. (साईटवरच्या जुन्या मिस्त्रींकडून हेच वाक्य मी सांगलीत ऐकलंय, फक्त मायकेलअँजेलोच्या जागी त्यांचे वडील असायचे.)

मग पादुआहून पोलेनी हा शास्त्रज्ञ आला. त्याने घुमटाचे काप कल्पून प्रत्येक तुकड्याचं वजन काढलं, त्या प्रमाणात वजनं लावून एक साखळी लोंबती सोडली आणि तिचा आकार उलटा करून घुमटाच्या छेदावर ठेवला. लोंबत्या साखळीत फक्त ताण असतो, उलटी केली की फक्त दाब. ती रेष घुमटाच्या जाडीत मावली तर घुमट उभा राहणार. मावली. तरीही त्याने पाच लोखंडी कड्या घालायला लावल्या. हिशेब बरोबर निघाला तरी कडी घालायची, यालाच मी इंजिनिअर म्हणतो.

ही साखळीची कल्पना पोलेनीच्या आधी लंडनच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाची. तो आणि वास्तुकार ख्रिस्तोफर रेन मित्र. रेनच्या लंडनमधल्या सेंट पॉल्स चर्चच्या घुमटात, १६७५ ते १७१०, तीन थर आहेत. आतून दिसतो तो विटांचा घुमट, बाहेरून दिसतो तो लाकडावर शिशाचा पत्रा, आणि दोघांच्या मधे कुणालाच न दिसणारा विटांचा शंकू. माथ्यावरचा सुमारे ८५० टनांचा दगडी मनोरा तो शंकू पेलतो. जाडी जेमतेम अर्धा मीटर! शुद्ध बनवाबनवी आहे, आणि माझ्या मते पाचांमधली सगळ्यात हुशार इमारत तीच. खडू-फळा सर नाराज होतील, त्यांना मुखडा आणि मन एक असलेली इमारत हवी असेल.

खडू-फळा:

नाराज नाही. पण रेनचा घुमट लांबून बघितला तर त्याचा डौल सेंट पीटर्सपेक्षा उजवा आहे हेही लिहा की. रेनला लंडनच्या आकाशात काय दिसायला हवं ते आधी कळलं, शंकू मागून आला.

लोकलपकडू:

इतके लांब कशाला जाताय? व्हीटीचा, म्हणजे सीएसएमटीचा घुमट बघा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं काम, १८७८ ला सुरू, दहा वर्षं चाललं. तोही अष्टकोनी, दगडी, फासळ्यांचा. माथ्यावर प्रगतीची बाई हातात मशाल घेऊन उभी आहे. बरंच नक्षीकाम जेजेच्या विद्यार्थ्यांनी केलंय. मी रोज पलीकडच्या लोकलच्या बाजूने आत शिरतो, त्यामुळे कितीतरी वर्षं घुमट वर आहे हे माहीतच नव्हतं. खाली प्लॅटफॉर्म नाही, भव्य जिना आहे. काका, तोही सेंट्रिंगशिवाय बांधला असं एका पाटीवर वाचलंय. खरं असेल?

ओळंबा:

अशक्य काहीच नाही. अष्टकोनी, फासळ्यांचा आणि आकाराने फ्लॉरेन्सच्या मानाने छोटा, त्यामुळे कडं बंद होण्याचा तोच नियम तिथे आणखी सोपा जातो. शिवाय स्टीव्हन्सच्या काळी लोखंड मुबलक होतं, ब्रुनेलेस्कीसारखं दगडाच्या तुळया जोडत बसायची वेळ नव्हती. जिन्यावरून मान वर करून फासळ्या कुठून निघतात ते एकदा बघा. तेवढ्यासाठी एक लोकल चुकली तरी चालेल.

भटकभवानी:

काका, सर, सगळ्यांचे आभार. यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणतात, "तुला वर्तुळ कळलं, मला गुडघे." एक राहिलं: साखळ्या घातल्या तरी ढकल असणारच ना. मग फ्लॉरेन्सच्या घुमटाला तडे आहेत का? आम्ही वर उभे होतो हो!

ओळंबा:

आहेत, आणि जुने आहेत. आठांपैकी चार बाजूंना मोठे तडे आहेत, नेमके खालचे भक्कम खांब जिथे आहेत त्यांच्या वर. ते थंडी-उन्हाळ्यासोबत थोडे उघडतात, थोडे मिटतात. १९८७ पासून दीडशेहून जास्त उपकरणं त्यांवर नजर ठेवून आहेत. असा तडा दिसला की लगेच भरून टाकायचा मोह होतो. भरला की उन्हाळ्यात मिटायला जागा राहत नाही, आणि मग शेजारी नवा पडतो. वाड्यांच्या कामात मालकांना हे समजावताना माझा अर्धा वेळ जायचा. तुम्ही दोघं वर उभे राहिल्याने काही बिघडलेलं नाही, घुमटाचं वजनच हजारो टनांत आहे.

पुन्हा जाणं झालं तर चर्चच्या मागच्या बाजूच्या त्यांच्या संग्रहालयात जा. त्या बांधकामातल्या कप्प्या, दोर, अवजारं तिथे ठेवली आहेत. यजमानांना सांगा, तिथे लिफ्ट आहे.